उपाशी तुकड्याचा खुलासा

मु. चिचटोला, ता. मुलचेरा
कार्तिक वद्य अष्टमी

ति. गुणवंतभाऊ यांस,

पायाशी बसून बापूचा नमस्कार. (पाय ओढून घेऊ नका. पत्र आलं आहे, मी नाही.)

तब्येत कशी आहे? डावा गुडघा जिना चढू देतो का? वहिनींची साखर ताब्यात आहे, की अजून त्या पाहुण्यांसाठी म्हणून जिलेबी आणवतात आणि पाहुणे यायच्या आत संपवतात? कागदाच्या गिरणीतून तुम्ही निवृत्त झालात त्याला सहा वर्षं झाली, तरी भोंगा झाला की घड्याळ लावून बघता म्हणे, आणि जुळलं नाही तर भोंग्यालाच शिव्या घालता. हे सगळं मला तुमच्या प्रवीणकडून कळतं. त्याला रागावू नका. पोरगा आत्याच्या नवऱ्याशी बोलतो, एवढाच त्याचा गुन्हा.

इकडचं विचाराल (विचारणार नाही, पण पत्राला रीत असते) तर मी बरा आहे. भात शिजवतो, खाली लागतो, खरवडून खातो. तुमची बहीण, आपली शकू, गेल्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. या वर्षात मी तुम्हाला किती फोन केले ते मोबाइललाच माहीत. तुम्ही एकही उचलला नाही. म्हणून पत्र. फोनवरचं नाव बघून माणूस फोन बंद करू शकतो, पत्र मात्र फाडायच्या आधी उघडतोच. मी या टापूत एकतीस वर्षं टपाल वाटलं आहे. फाडलेली पत्रंही पुष्कळ पाहिली, पण ती सगळी वाचून फाडलेली होती. तेव्हा आधी वाचा.

तर झालं असं, की आषाढात एक जीप आली आणि तिच्यातून करिष्मा मॅडम उतरल्या. नागपूरकडच्या एका शेतकी कॉलेजात त्या डॉक्टर व्हायला शिकताहेत. सुईच्या नव्हे, पुस्तकाच्या. (हा फरक गावाला शेवटपर्यंत कळला नाही.) त्यांचं म्हणणं असं, की आपण धानाला युरिया मारतो त्यातला थोडाच धानाच्या पोटात जातो. उरलेल्यातला काही मातीतले बारीक जीव खातात आणि त्याचा वायू करून सोडून देतात. नायट्रस ऑक्साइड त्याचं नाव. त्याला रंग नाही, आपल्या नाकाला कळेल असा वास नाही, पण वर जातो आणि आभाळ तापवतो. तो आपल्याकडच्या धानाच्या बांधीतून किती निघतो, एवढं त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी रस्त्याकडची माझी बांधी त्यांना पसंत पडली. मी म्हटलं, मोजा. एकट्या माणसाच्या बांधीत कुणी काही मोजत बसलं, तर तेवढीच सोबत.

त्यांनी बांधीचे नऊ तुकडे पाडले, एकेकात दोन खाटा मावतील एवढे. मध्ये मातीचे छोटे बांध, म्हणजे एकाचं खत दुसऱ्यात जायला नको. तीन तुकड्यांना पुरता युरिया, पुढच्या तिघांना निम्मा, आणि उरलेल्या तिघांना काहीच नाही. प्रत्येकात एक लोखंडी चौकट रोवली. मापाची रीत अशी: चौकटीच्या खाचेत पाणी भरायचं, तिच्यावर आरपार दिसणारी प्लास्टिकची पेटी पालथी घालायची, आणि दर दहा मिनिटांनी पेटीच्या रबरी बुचात सुई घालून आतली हवा ओढून घ्यायची. ती हवा करंगळीएवढ्या बाटलीत भरायची, बाटलीवर चिठ्ठी लावायची, खोक्यात रचायची आणि बसनं नागपूरला धाडायची. चिठ्ठ्या आणि खोकी माझ्याकडे आली, कारण त्यात माझा हात बसलेला. एकतीस वर्षांत राख्या पोचवल्या, कोर्टाची समन्सं पोचवली, हवा मात्र पहिल्यांदाच पाठवली. कंडक्टरनं विचारलं, खोक्यात काय आहे? मी म्हटलं, आमच्या बांधीची हवा. त्यानं खोकं हलवून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खोक्याला स्वतःशेजारी जागा दिली.

पहिल्या दिवशी मॅडमनी सुई माझ्या हातात दिली, तेव्हा मी ती परत देऊन चिठ्ठ्या चिकटवायला घेतल्या. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नसेल. मी तसं वाटू दिलं.

गावानं या कामाचे दोन अर्थ लावले. सुई दिसली म्हणून निम्म्या गावाला वाटलं, मातीला इंजेक्शन चाललं आहे. टोल्यावरचा इसरू तर पोट फुगलेली बकरी खांद्यावर टाकून बांधीकाठच्या धुऱ्यावर हजर झाला. मी त्याला समजावलं, बाबा, आम्ही सुई टोचून औषध घालत नाही, उलट आतला गॅस बाहेर काढतो. तो म्हणाला, "मंग मातीतला काढता त माह्या बकरीतला काऊन नाई काढत?" मी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी बकरीकडे. (बकरी वाचली. ओवा आणि तेल पाजलं.) दुसरा अर्थ सरपंचाच्या पिंकीनं मोबाइलमध्ये वाचून काढला. हाच वायू दातांचे डॉक्टर हुंगवतात, आणि माणूस दुखणं विसरून हसायला लागतो. झालं. दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर रांग. पलीकडच्या बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातले दोघे मासे विकायचे सोडून आले. चहावाला गुलाब मॅडमची नजर चुकवून पेटीत डोकं घालून बसला आणि ओरडला, "मले त लय हासू येऊन राह्यलं!" त्याचा तो चिखलानं भरलेला चेहरा पाहून सगळे हसले, आणि सगळे हसले म्हणून वायू खरा ठरला. मॅडम डोक्याला हात लावून म्हणाल्या, तळ्यात चिमूटभर मीठ पडावं इतका तो असतो, त्यानं मुंगीसुद्धा हसणार नाही. त्यांचं खरं आहे. मी चार महिने त्या पेट्यांशेजारी बसलो, भाऊ. मला एकदाही हसू आलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. (गुडघा दुखत असेल तर पाय लांब करा.)

त्या तीन उपाशी तुकड्यांवर मॅडमनी पाट्या लावल्या होत्या: "शून्य. येथे काहीही देऊ नये." मी विचारलं, ज्यांना काही द्यायचंच नाही त्यांच्यावर पेटी कशाला? त्या म्हणाल्या, बापूजी, काही न देता मातीतून आपोआप किती निघतो ते कळलं नाही, तर युरियामुळे किती निघाला ते कशावरून सांगू? पटलं मला. डोक्याला पटलं. पण रोज सकाळी नऊच्या ठोक्याला त्या पाटीसमोर बसायचं होतं, आणि डोळ्यांना काही पटेना. भादव्यात बाकीचे सहा तुकडे हिरवेगार होऊन वाऱ्यावर डुलायला लागले, आणि हे तीन पिवळे, खुरटे, खाली मान घालून. मी त्या घरात चाळीस वर्षं जेवलो आहे जिथे दारात आलेला माणूस उपाशी गेला नाही. तुमची बहीण जनगणनेच्या मास्तरालाही आधी पान वाढायची, आणि घरात माणसं किती हे त्याचं जेवण झाल्यावर सांगायची. एकदा माझ्या तपासणीला आलेल्या टपाल खात्याच्या साहेबाला तिनं इतकं वाढलं, की तो तपासणी न करता पडवीत झोपला. अशा बाईच्या बांधीत पंगत बसवायची, सहाजणांच्या पानात वाढायचं, आणि तिघांपुढून नुसती पाटी फिरवायची?

युरियाचा दुसरा हप्ता दिला त्या दुपारी मॅडम आमच्या पडवीत डबा खात होत्या. मी पोतं गुंडाळायच्या निमित्तानं बांधीवर गेलो आणि एका शून्याला मूठभर दिला. मग वाटलं, एकाला दिला आणि दोघांना नाही, हा दुजाभाव झाला. म्हणून तिघांनाही दिला. मूठ जरा मोठीच पडली, आणि पडली तीही नेमकी चौकटीच्या आत. त्यानंतर दर आठवड्याला थोडं थोडं. चौकटीतला धान जरा हिरवा दिसू लागला, तो मॅडमनी उशिराच्या पावसाच्या खात्यावर मांडला. खोटं सांगत नाही, भाऊ, तेवढे दिवस मला घरातला भात गोड लागला.

आश्विनात नागपूरहून आकडे आले. ज्यांना काही दिलं नव्हतं त्या तुकड्यांतून सगळ्यात जास्त वायू! मॅडमच्या मोठ्या सरांनी म्हणे यंत्र दोनदा तपासलं, मग आमच्या मातीचा डबा भरून नेला, आणि निकाल दिला की या मातीत काहीतरी आगळं आहे. मॅडमनी फोनवर आईला सांगितलं, मला सांगितलं, आनंदाच्या भरात दोन दिवस धड जेवल्या नाहीत. आमच्या सरपंच दिनेशनं तर फलक छापला, चिचटोल्याच्या चमत्कारी मातीत स्वागत म्हणून. मी घरात बसून घाम पुसत होतो. एकदा वाटलं, असू दे चमत्कार, कुणाचं काय जातं. मग आठवलं, की ती पोरगी हे सगळं स्वतःच्या नावानं लिहून देणार आहे, आणि उद्या कुणी ते खोटं ठरवलं तर तोंड तिचं काळं होईल.

दोन जीपा आल्या. सर आले, आणखी तीन चष्मे आले. सर धुऱ्यावर उभे राहून मला विचारू लागले, बापूजी, या तुकड्यात पूर्वी काय होतं? गोठा? उकिरडा? आणि तेव्हा मी छाती पुढे काढून, सगळ्यांदेखत, स्वतःहून सांगितलं, की साहेब, मातीत काही नाही, मी चोरून युरिया देत होतो. फलक धरून उभ्या असलेल्या दिनेशनं फलक हळूच उलटा केला. मॅडमनी हातातली वही मिटली. पांढऱ्या पडल्या. मग एवढंच विचारलं, "बापूजी, का?"

भाऊ, हे 'का' मला वर्षभरात कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे वेगळ्या गोष्टीबद्दल विचारायला हवं होतं, ते विचारलं नव्हतं. मी धुऱ्यावर बसलो आणि सांगत सुटलो. सांगितलं, की चंद्रपूरच्या दवाखान्यात माझ्या बायकोच्या खाटेला अशीच पाटी लावली होती: तोंडाने काहीही देऊ नये. आतड्याला पीळ पडला होता, कापून जोडलं होतं. सलाइन चालू होतं. सहाव्या दिवशी ती पेज मागायला लागली. दुसरं काही नाही, कण्यांची पातळ पेज. रागावून नाही, लाडानं नाही, लहान मूल पाणी मागतं तशी मागायची, आणि मी रोज पाटीकडे बोट दाखवायचो. सातव्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं तिचा भाऊ बल्लारपूरहून पेजेचा डबा घेऊन आला, तर मी दोन हात पसरून दारात उभा राहिलो. चार नातेवाइकांसमोर त्या मोठ्या माणसाला मी सांगितलं, की हुकूम म्हणजे हुकूम. डबा बाकावर ठेवून तुम्ही जे बोललात ते मी मॅडमना जसंच्या तसं सांगितलं: "उपाशी मारून राह्यले तुमी माह्या बहिणीले." नवव्या दिवशी ती गेली. उपाशी गेली. तुम्ही स्मशानात आलात, माझ्याकडे पाठ करून उभे राहिलात, आणि तेरवीला आला नाहीत.

डॉक्टरांनी मला नंतर कागदावर आतडं काढून दाखवलं. दोन घास गेले असते तर टाका उसवला असता, त्याच दिवशी तडफडून गेली असती, असं म्हणाले. मी मान डोलावली. डॉक्टर खरं बोलत होते. शकूची भूकही खरी होती. या दोन खऱ्या गोष्टी मी वर्षभर शेजारी शेजारी ठेवून पाहतो आहे, त्या शेजारी राहत नाहीत. तुम्ही म्हणाला होतात त्यात काही खोटं होतं असंही मला म्हणवत नाही. मी पाटी पाळणारा माणूस. आयुष्यभर शिक्का बघून पत्र दिलं. यंदा पहिल्यांदाच पाटी मोडली, तर एका पोरीचं वर्ष बुडवून बसलो.

वर्ष बुडालंच. शून्य खोटं निघालं, की बाकीच्या सहांच्या आकड्यांनाही अर्थ राहत नाही म्हणे. सर निघून गेले. मॅडम बराच वेळ धुऱ्यावर माझ्याशेजारी बसून राहिल्या, ओढणीनं डोळे पुसत. मला वाटत होतं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग उठून घरात आल्या, माझा खाली लागलेला भात त्यांनी वाढून घेतला, आणि म्हणाल्या, "तुम्ही मला आधीच सांगायचं होतं ना." पुढच्या हंगामात त्या पुन्हा येणार आहेत. शून्याचे तुकडे इसरूच्या बांधीत पडणार आणि बापूजींनी त्या धुऱ्यावर फिरकू नये, असा लेखी नियम झाला आहे. खाली मी सही केली आहे. इसरूनं साक्षीदार म्हणून अंगठा दिला, आणि बकरीही सोबत आणली होती.

एवढंच कळवायचं होतं. वहिनींना नमस्कार, प्रवीणला आशीर्वाद, भोंग्याला वेळेवर वाजायची बुद्धी होवो.

तुमच्या बहिणीचा नवरा (हे नातं तुम्ही तोडलं असलं तरी माझ्याकडून तसंच आहे),
बापू

ता. क. वर मी छाती काढून स्वतःहून सांगितलं असं लिहिलं आहे, ते पुरतं खरं नाही. सरांनी विचारलं तेव्हा मी उकिरडा होता असंच म्हणणार होतो. उ पर्यंत आलोही होतो. तेवढ्यात इसरू मागून म्हणाला, "युरिया त बापूजीच टाकते जी, मी रोज पाह्यतो." त्यानंतर मी छाती काढली. तुमच्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवून बसलो होतो, म्हणून हे लिहिलं. टपालवाला असलो तरी पत्र पुन्हा लिहून काढायचा कंटाळा येतो.

ता. क. दुसरं. तुमचा डबा सोबत धाडतो आहे, तुमच्या आईचं नाव घातलेला तोच. वर्षभर घासूनपुसून फळीवर ठेवला होता. रिकामा परत देऊ नये म्हणून त्यात तांदूळ भरला आहे. त्या तीन तुकड्यांचा धान मॅडमच्या काही कामाचा नव्हता, तो त्यांनी मला दिला. मी उखळात कांडला, म्हणून कणी फार झाली आहे. पण पेजेला कणीच लागते. मार्गशीर्ष वद्य चतुर्थीला शकूचं वर्षश्राद्ध आहे. तुम्ही आणि वहिनी या. आष्टीमार्गे येणारी बस आमच्या फाट्यावर थांबते. डबा तसाच परत आणा, आणि त्या दिवशी वहिनींनी याच तांदळाची पेज करावी. वाढायचं काम तुम्ही करा. मी दारात उभा राहणार नाही.

ता. क. तिसरं, आणि हे आधीच लिहायला हवं होतं. त्या दिवशी तुम्ही डबा ठेवून निघून गेलात, तेव्हा शकू जागी होती. मी डबा खाटेखाली सरकवत होतो, तर तिनं हात पुढे केला. झाकणावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "दादा आला होता ना?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, "झाकण उघडा ना जी, वास त घेऊ द्या." पाटीवर तोंडाने असं लिहिलं होतं, नाकाबद्दल काही लिहिलं नव्हतं, म्हणून मी उघडलं. पेज अजून गरम होती. तिनं डोळे मिटून कितीतरी वेळ वाफ घेतली. नऊ दिवसांत तेव्हा एकदाच ती हसली. तुम्ही आला होतात हे तिला माहीत होतं, भाऊ. ते मला तुम्हाला स्मशानातच सांगायचं होतं, पण तुम्ही पाठ केलीत आणि मीही ताठलो, आणि मग फोन तुम्ही उचलला नाही. हसून ती काय म्हणाली तेही सांगतो, वहिनींनी मनाला लावून घेऊ नये. म्हणाली, "वयनीनं मीठ कमी टाकलं." तेव्हा या खेपेला मीठ तेवढं बघून टाका.